डाव्या चाकाची कुरकुर

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. आई म्हणायची, "हिच्या जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं, कुठेतरी अडली तरी असती." पण हट्ट मात्र माझा मुका. तो मी बोलून दाखवत नसे, करूनच दाखवत असे. त्या हट्टापायी मी एक मोटार केली. हातभर लांबीची, फणसाच्या लाकडाची. आजही कुणी तिला खेळणं म्हटलं की माझं डोकं सणकतं.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. बाबा रत्नागिरीतल्या एका वकिलांची टूरिंग मोटार चालवायचे. गावात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. या गाडीला वर कापडी टप, पुढे दोन पितळी दिवे, बाजूला रबरी फुग्याचा भोंपू. खाकी कोटाची पितळी बटणं लावून बाबा हँडल मारायला वाकले की आळीतली पोरं गोळा व्हायची, आणि मी मुद्दाम त्या पोरांच्या पुढे जाऊन उभी राहायची. माझा बाप होता तो, मागे काय म्हणून राहू?

मग बाबांचे डोळे गेले. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू असता तर काढला असता. हा काचबिंदू. गेलेलं परत येत नाही." त्याच्या आधीच बाबांनी आपणहून हँडल वकिलांच्या हातात ठेवलं होतं. गाडीही पुढे विकली गेली, कुठेतरी घाटावर.

बाबा माजघराच्या कोपऱ्यात बसले ते बसलेच. सकाळी आईचा हात धरून मागच्या दाराने न्हाणीत जायचे आणि परत कोपऱ्यात. पुढच्या दाराचा उंबरा त्यांनी ओलांडायचं नावच सोडलं. ज्या पडवीत बसून ते प्रवासाच्या गोष्टी सांगायचे ती पडवी ओस पडली. "लोकांनी मला बघायचं आणि मी कुणाला बघायचं नाही, हा कुठला न्याय?" एवढं एकदा म्हणाले. नंतर तेही नाही. विचारलं तर हूं, नाहीतर उंहूं.

माझ्या लग्नाचं तेव्हा घाटत होतं. मुलाकडचे बघायला येतील तेव्हा पडवीत त्यांच्यासमोर बसणार कोण, असा आईला घोर. ती म्हणाली, "तुझे मामा बसतील."

"मामा का म्हणून? बाप मेलाय काय माझा?" मी ताडकन बोलले. "बाबा पडवीत येऊन बसल्याशिवाय मी पाटावर बसायची नाही. सांगून ठेवते!"

आईने कपाळाला हात लावला. पण मी बोलले ते बोलले. बाबांना पुढचा उंबरा त्यांच्या पायांनी ओलांडायला लावायचा, हे मी मनाशी पक्कं केलं. कसं ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

मामा सुतार. आमच्याच मांगरात, म्हणजे घराशेजारच्या शाकारलेल्या छपरात, त्यांचं काम चालायचं. बैलगाड्यांची चाकं करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या मागेपुढे करत मीही रंधा आणि पटाशी चालवायला शिकले होते. "मुलीच्या हातात पटाशी? जळलं मेलं लक्षण!" असं शेजारणी म्हणायच्या. म्हणेनात का! एक दिवस फणसाचा पिवळाधमक तुकडा हातात आला आणि मला एकदम वाटलं, यातून बाबांची मोटार काढायची. डोळ्यांनी दिसत नाही ना, हाताला तर दिसेल.

मी आधी चाक केलं. चाक म्हटल्यावर मला मामांचंच चाक येत होतं. मधे फुगीर तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, बाहेर पाट्यांचा घेर. वीतभरही नव्हतं, पण अगदी देखणं झालं. मुशी माशाचं वाळलेलं, खरखरीत कातडं घासून त्याला असं गुळगुळीत केलं की मामांनीसुद्धा मान डोलावली. मी ते बाबांच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

"काय हे?"

"तुमच्या मोटारीचं चाक."

बाबांनी बोटं फिरवली. घेरावरून आऱ्यांवर आली, आऱ्यांवरून तुंब्यावर आली आणि तिथे थबकली. दुसऱ्या क्षणी चाक भिंतीवर.

"तुंबा कुणी घातला याला? मोटारीला तुंबा असतो? बैल कुठे बांधू, बॉनेटला?"

आई चुलीपासून धावत आली. तिला वाटलं काहीतरी आक्रीत झालं. झालंच होतं. कित्येक महिन्यांत बाबा एवढं बोलले नव्हते. मला राग आला होता, चाकाचा एक आरा तुटला होता, आणि तरी मला हसू आवरेना. म्हटलं, "मग कसं असतं ते सांगा. नुसतं फेकायला काय जातं?"

"सांगतो. बस इथे."

आणि त्यांनी सांगितलं. मोटारीचे आरेही लाकडाचेच, पण मधे ते तुंब्यात शिरत नाहीत. मोसंब्याच्या फोडींसारखे एकमेकांना चिकटून बसतात, वर लोखंडी चकती येते आणि त्यावर पितळी टोपी. फोड जरा जरी जाड झाली तरी शेवटची बसत नाही. बारीक झाली तर सगळीच खुळखुळतात. मी मोसंबं सोलून समोर ठेवलं आणि कामाला लागले.

देवा रे, त्या फोडींनी माझ्या नाकी नऊ आणले! अकरा बसाव्यात आणि बारावी बसू नये. सगळं उकलायचं, परत घासायचं. पटाशी निसटून अंगठा फाटला, त्यावर हळद दाबली, चिंधी बांधली आणि परत बसले. मामा म्हणाले, "पोरी, सोड नाद. मेणाचं केलंस तरी तुझा बाप मोडून फेकील." मी म्हटलं, "फेकू देत. माझ्याकडे फणस भरपूर आहे." बाबांनी चाकं फेकलीही. आरे सपाट आहेत, गोलवा नाही. घेर एका अंगाला कलला. प्रत्येक वेळी मी पाय आपटत मांगरात जायची आणि मनातून खूश असायची, कारण दर फेकीला बाबांचा आवाज चढत होता.

अखेर चाकं जमली. त्यांवर सायकलच्या फाटक्या टायरच्या पट्ट्या सरसाने बसवल्या. पितळी टोप्यांचं काय करावं म्हणून मी विचारात होते, तर बाबाच म्हणाले, "माझा कोट काढ." मी पेटीतून खाकी कोट काढून दिला. त्यांनी चाचपून एकेक बटण पिळून तोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "चार हवीत. पाचवं राहू दे." ती मुठीत घट्ट धरून मी मांगरात गेले.

दिव्यांसाठी वाट्या हव्या होत्या. घासलेटच्या डब्याच्या पत्र्याच्या करून बघितल्या, तर बाबा म्हणाले, "हे दिवे नव्हेत, डबड्याची झाकणं." मग एका सकाळी आई मांगरात आली. हातात तिची हळदीकुंकवाची पितळी कोयरी. आतल्या दोन्ही वाट्या तिने काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"आई, अगो हे काय! कुंकू कशात ठेवशील?"

"करवंटीत ठेवीन. माझ्या कुंकवाला काय होत नाही. त्यांच्या गाडीला दिवे होऊ देत."

शेजारीण बघून पुटपुटली, असं करू नये, अपशकुन असतो. आईने तिच्याकडे अशा काही नजरेने बघितलं की बाई न बोलता पाणवठ्याकडे चालती झाली. फटकळपणा मी कुठून घेतला ते मला त्या दिवशी कळलं.

भोंपूचा फुगा उंडीच्या फळाचा, आतून पोखरून काळा रंगवलेला. स्टिअरिंगचं चाक वेताचं. ते फिरवलं की पुढची चाकं वळली पाहिजेत, असा बाबांचा हुकूम. तेही केलं, सुंभ आणि लाकडी पट्टी लावून. मडगार्ड पत्र्याची, ठोकून ठोकून केळीच्या पानासारखी लवती केलेली. सगळं जमलं आणि एक खोड राहिली. मागचं डावं चाक फिरताना कुरकुरायचं.

"ऊन लागलं की लाकूड आक्रसतं, आरे सैल होतात," बाबा म्हणाले. "आम्ही उन्हाळ्यात गाडी ओढ्यात उभी करायचो. भिजव." मी चाक रात्रभर हंड्यात बुडवून ठेवलं. कुरकुर गेली. वैशाख तापला होता, दोन दिवसांत परत आली. परत भिजवलं, परत आली. बाबांचं रोजचं टुमणं सुरू झालं, "ते चाक." मी म्हणायची, "राहू दे की! हत्ती गेला आणि शेपटासाठी अडून बसलात." पण ऐकतील तर ते बाबा कसले.

एका दुपारी सगळी गाडी हातात घेऊन त्यांनी ती शेवटची तपासली. टप, दिवे, टोप्या, पायफळी. उजवं मडगार्ड. डाव्या मडगार्डवर बोटं थांबली.

"इथे पोचा हवा."

"कसला पोचा?"

"खेडशीच्या पुढच्या वळणावर मी कुंपणाच्या गडग्याला गाडी घासली होती. भर दिवसा. तो चिऱ्यांचा गडगा मला दिसलाच नाही. पोचा मार."

मी उसळले. "मी नाही मारायची! किती दिवस ठोकून ते मडगार्ड गुळगुळीत केलंय, आणि पोचा मारू?"

"मग ही माझी गाडी नाही," बाबा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी मोटार खाली ठेवली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने की कशाने देव जाणे. मी उठले, मांगरातून हातोडी आणली आणि एकच घाव घातला. बाबांनी पोच्यात अंगठा घालून बघितला. बरोबर बसला. म्हणाले, "हां. आता माझी."

मग त्यांनी मोटार सारवलेल्या जमिनीवर ठेवली आणि गुडघ्यांवर रांगत ती चालवायला लागले. "हा माळनाका. आता कुवारबाव. इथे उतार, गियर बदलायचा. डाव्या हाताला काजूची बाग." चाक कुरकुरत होतं आणि बाबा बोलत होते. आई दाराशी उभी राहून पदर तोंडाला लावून ऐकत होती. "खेडशी आली. आता वळण." पुढच्या दाराच्या उंबऱ्यापाशी मोटार पोचली आणि थांबली.

"चला की," मी म्हटलं.

"इथून पुढे मी गाडी नेली नाही. हँडल मी त्याच संध्याकाळी परत दिलं." त्यांनी हात काढून घेतला. ते परत कोपऱ्याकडे सरकायला लागले.

एवढं करून ते परत कोपऱ्यातच जाणार? मी गाडीच्या पुढल्या पट्टीला सुंभाची दोरी बांधली. "तुम्ही नेली नाहीत ना? मग मी नेते."

"तू माळनाक्यापलीकडे तरी कधी गेली आहेस काय?"

"नाही गेले. म्हणून तर तुम्ही पाहिजे बरोबर. मला रस्ता चुकला तर?"

मी मोटार उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवली आणि ओढली. पडवीत चाक कुरकुरलं. बाबांनी मान वळवली. मी आणखी ओढली. कुर्र, कुर्र. मी मुद्दाम सावकाश चालले आणि तोंड घट्ट मिटून ठेवलं. जन्मात एवढा वेळ मी गप्प बसले नसेन.

मागून आवाज आला, "फार डावीकडे घेतेस तू. चाक ऐकू येतंय मला."

"मग या आणि सरळ करा!"

पाठीमागे कुणाचा तरी हात चौकटीला लागल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर माझं रडू फुटलं असतं. पडवी संपली, पायरी आली. मी मोटार उचलून खाली खळ्यात, पुढच्या अंगणात, ठेवली आणि उन्हात ओढत निघाले. चाक आता चांगलंच कुरकुरत होतं.

"पुढे काय आहे?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी जवळून आला.

"पायरी आहे बाबा. एकच. मग खळं."

त्यांनी पाऊल टाकलं. खळ्यातल्या उन्हात उभं राहून त्यांनी तोंड वर केलं. गडग्यापलीकडून जाणारं कोणी ओळखीचं थांबलं आणि त्यांना हाक मारली. बाबांनी हात वर करून जबाब दिला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ते चाक भिजवू नकोस आता."