सव्वीस नंबरची बरणी

चहा आधी संपवा. तोंडात घोट असताना हा किस्सा ऐकायचा नाही. मागच्या वेळी आमच्या साडूंच्या नाकातून आला होता. हसायचं तर खुशाल हसा, पण मधूनमधून 'अरेरे' म्हणत जा, तेवढंच मला बरं वाटतं.

मी कसा माणूस आहे ते तुम्हाला माहीतच आहे. अंगानं कंपनीत, मनानं भलतीकडंच. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर. पार्ट उचल, माप, ठेव. उचल, माप, ठेव. समोर मशीनवर ते गार ठेवणारं, दुधासारखं पांढरं कूलंट वाहत असतं. ते बघता बघता मी कुठं जाऊन पोचतो ते माझं मलाच कळत नाही. तसंच एकदा बघत बसलो होतो आणि वाटलं, हे असंच पांढरं, संथ, ऊन ऊन मेण असेल, आणि आपण ते काचेत ओतत असू, आणि मोगऱ्याचा वास सुटला असेल...

"भाऊ, त्यो पार्ट उलटा धरलाय तुमी," शेजारच्या खंडूनं हाक मारली. खंडू निघोज्याचा. घरी शेती, इथं शिफ्ट. माझी तंद्री मोडायचं काम त्याला कंपनीनंच दिलंय की काय, अशी मला शंका आहे.

पण मेण डोक्यात बसलं ते बसलंच. घरी येऊन बायकोला म्हणालो, "सुनीता, मी मेणबत्त्या करणार. सुगंधी. काचेतल्या."

"म्हणजे धंदा?"

"कला!"

"मग कलेसाठी वेगळं पातेलं आणा. माझ्या दुधाच्या पातेल्याला हात लावायचा नाही."

इतपत ठीक होतं हो. घरातल्या घरात माणूस किती बिघडवणार? पण मधे आली माझी आक्का.

आक्का म्हणजे मला आईच्या जागी. आई लवकर गेली. वडील देहूरोडला फॅक्टरीत, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. आक्कानं स्वतःची शाळा सोडली आणि माझा डबा, माझा अभ्यास, माझी शर्टाची बटणं, सगळं केलं. आज मी चाळिशी ओलांडली तरी ती मला चारचौघांत 'पिंट्या' म्हणते, आणि मी 'ओ' देतो. तिच्या प्रज्ञाचं लग्न ठरलं. चऱ्होलीचं स्थळ. मुलगा चांगला, घर चांगलं, पण विहीणबाई रिटायर्ड मुख्याध्यापिका! बोलणं मोजून मापून, साडीची घडीसुद्धा पट्टीनं आखल्यासारखी. त्यांच्यासमोर आमची आक्का, जी अख्ख्या आळीला दम देते, ती एकदम गप्प व्हायची.

"शिकलेली माणसं आहेत रे पिंट्या," ती मला म्हणाली. "दागिन्यांत आपण त्यांना पुरे पडायचो नाही. पण आपलं काहीतरी उठून दिसावं असं लई वाटतं. माझ्या पोरीला कुणी कमी लेखायला नको."

आता बहिणीनं असं म्हटल्यावर भावानं काय करावं? गप्प बसावं! पण मी तंद्रीत गेलो.

"आक्का," मी म्हणालो, "वधूवरांनी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली, वंदना झाली, की हॉलमधले सगळे दिवे बंद करायचे. आणि प्रत्येक पाहुण्याच्या तळहातावर एक इवलीशी काचेची वाटी, तिच्यात एक इवलीशी ज्योत. पांढऱ्या कपड्यांतली दीडशे माणसं, दीडशे ज्योती. कुणी बोलत नाहीये. जणू चांदण्या खाली उतरून खुर्च्यांवर बसल्यात. जाताना तीच वाटी भेट म्हणून घरी न्यायची."

आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. सुनीताच्या आलं नाही, पण तिच्याकडं कोण बघतंय? आक्कानं तिथल्या तिथं फोन उचलला. "विहीणबाई, जयभीम. पाहुण्यांच्या भेटवस्तूचं तुम्ही काही बघू नका. माझा भाऊ स्वतःच्या हातानं करतोय."

बाण सुटला!

मी लागलो काचेच्या वाट्या शोधायला. मोबाइलवर पिंपरीच्या एका व्यापाऱ्याची जाहिरात सापडली. मेणबत्तीची काचपात्रं, परदेशी पाठवायच्या मालातली शिल्लक, स्वस्तात. फोटो काय सुंदर! स्वच्छ काच, लाकडी झाकण, मागं पांढरा पडदा. लेबलवर फक्त आकडे. आठ, दहा, सोळा, सव्वीस. पुढं काही नाही.

आता इथं नीट ऐका, कारण माझी अक्कल इथंच शेण खायला गेली.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एकदाच लिहिलेलं असतं, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. त्यामुळं आकड्यापुढं कुणी काही लिहीत नाही. पन्नास म्हणजे पन्नास मिलिमीटर, विचारायचंच नाही. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं रक्तसुद्धा मिलिमीटरमध्ये वाहतं. मी शिंप्याला पडद्याचं माप 'एकवीसशे' असं सांगून आलो होतो. तो बिचारा दुसऱ्या दिवशी घर बघायला आला.

तर मला सव्वीस म्हणजे सव्वीस मिलिमीटरच दिसलं. खिशातून दहाचं नाणं काढलं, व्हर्निअर लावला. सत्तावीस! म्हणजे नाण्यापेक्षा जराशी लहान वाटी. इवलीशी! तळहातावर मावणारी! मला तर ती दिसायलाच लागली.

खंडूनं फोटो बघितला. "भाऊ, नाण्याएवढ्या वाटीला लाकडी झाकण? आन ह्यो भाव? जास्त न्हाई वाटत?"

"एक्सपोर्ट क्वालिटी आहे राव! नाजूक कामाचेच पैसे असतात."

"फोन करून इचारा तरी."

केला ना फोन! म्हणजे मी विचारलं नाही असं कुणी म्हणायला नको.

"सव्वीसच्या दीडशे पाहिजेत," मी म्हणालो.

"दीडशे? सगळ्या सव्वीसच्याच?" व्यापारी खूश झाला. "बडा फंक्शन दिसतंय साहेब! मेण भरपूर लागेल हां."

"अहो, लागून लागून किती लागणार?" मी हसलो.

तोही हसला. त्याला वाटलं, काय दिलदार पार्टी आहे! "कधी पाठवू गाडी?"

"गाडी कशाला? मी येतो की बाइकवर. एका पिशवीत बसतील."

मग तो एवढा खो खो हसला, एवढा हसला, की त्याला ठसका लागला. "साहेब, तुम्ही फार मजेशीर आहात! मी गाडीच पाठवतो."

मला वाटलं, किती प्रेमळ माणूस आहे. एका पिशवीसाठी गाडी पाठवतोय!

मेण आणलं दीड-दोन किलो. वाती आणल्या आखूड, करंगळीच्या पेराएवढ्या. मोगऱ्याचं अत्तर आणलं. आणि माल यायची वाट बघत मी रोज मनातल्या मनात हॉलचे दिवे बंद करत होतो.

माल यायला उशीर झाला. लग्न अगदी तोंडावर आलं तेव्हा दारात टेम्पो थांबला. टेम्पोमागं खोक्यांचा डोंगर. मी ड्रायव्हरला म्हणालो, "बाकीच्यांचा माल नंतर उतरवा, आधी माझं पाकीट द्या."

"बाकीचं कुणाचं नाही काका. सगळं तुमचंच आहे."

पहिलं खोकं उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत बरणी! वाटी नाही, बरणी! वीतभर उंच, जाडजूड, एका हातात धरवत नाही अशी. तळाला लेबल, सव्वीस. मी व्यापाऱ्याला फोन लावला.

"सव्वीस औंस, साहेब," तो म्हणाला. "परदेशात असंच मोजतात. पाऊण लिटर धरा. का, कमी पडल्या का?"

"परत घ्याल?"

"शिल्लक माल परत नसतो साहेब. पण तुमची ती पिशवीची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली!"

घरात चालायला जागा राहिली नाही. पलंगाखाली बरण्या, टीव्हीपुढं बरण्या, बाथरूमच्या दारात बरण्या. सुनीता त्यांच्यातून पाय टाकत टाकत आली, एक बरणी उचलली, खाली वाकून माझ्याकडं काचेतून बघितलं. तिचा डोळा केवढा दिसत होता!

"ही इवलीशी का हो?" ती म्हणाली.

मी कागद-पेन्सिल घेतली. होतं ते सगळं मेण किती बरण्यांना पुरेल याचा हिशोब केला. प्रत्येकीच्या तळाला दीड मिलिमीटर! भिंतीला रंगाचा एक हात द्यावा तसं. खरं सांगतो, मी त्या बरण्यांमध्ये बसून रडायच्या बेताला आलो होतो. माझं हसं झालं असतं तर झालं असतं, त्यात नवीन काय? पण आक्का! जिनं माझ्यासाठी शाळा सोडली तिची मान त्या मुख्याध्यापिकेसमोर माझ्यामुळं खाली जाणार होती.

मेण मागवायला वेळ नव्हता. दुकानात मिळालं ते थोडं. शेवटी खंडू मदतीला आला, आणि आम्ही देहूरोडच्या किराणा दुकानांतून साध्या पांढऱ्या मेणबत्त्या गोळा करायला लागलो. एकेक दुकान रिकामं केलं.

"भाऊ, ह्या मेनबत्त्या हायेत की तयार," खंडू म्हणाला. "ह्याच उभ्या करा बरनीत. वितळवायच्या कशाला?"

"आक्कानं सांगितलंय, भाऊ स्वतःच्या हातानं करतोय म्हणून!"

"मेनबत्त्या वितळवून मेनबत्त्या करायच्या?"

"व्हय!" मी ओरडलो. चिडलो की मीही त्याच्यासारखाच बोलतो.

तर अशा रीतीनं, मेणबत्त्यांपासून मेणबत्त्या बनवणारा जगातला पहिला कारागीर मी झालो. दुधाचं पातेलंही गेलं त्यात. सुनीता काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. एवढं करून मेण आलं किती? बरणीच्या तळाला नखाएवढा थर. त्यात ती आखूड वात, विहिरीच्या तळाशी काडी उभी करावी तशी.

लग्नाची संध्याकाळ. हॉल पांढऱ्याशुभ्र कपड्यांनी भरलेला. आणि प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर एक बरणी! आधी सगळ्यांना वाटलं, जेवण पार्सल आहे. आक्कानं एकदा बरणीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "पिंट्या," तिनं दात आवळूनच विचारलं, "चांदण्या त्या ह्याच का?"

वधूवरांनी मूर्तीसमोर मेणबत्ती लावली, वंदना झाली, आणि ठरल्याप्रमाणं दिवे गेले. आता ज्योती पेटवायच्या. काडी ओढायची, हात बरणीत घालायचा, तर काडी खाली पोचायच्या आत विझायची. पोचली तर बोट भाजायचं. चारी बाजूंनी अंधारात 'आई गं', 'हाय हाय', 'अहो काडी द्या'! नवऱ्या मुलाच्या मामांनी हात घड्याळासकट मनगटापर्यंत आत घातला, आणि तो बाहेर येईना. ते बरणी घेऊन उभेच राहिले, जणू भाषण करायचंय.

खंडूनं अगरबत्त्यांचा जुडगा पेटवला आणि एकेक अगरबत्ती वाटत सुटला. लांब अगरबत्ती खाली पोचली. एक पेटली. मग दुसरी. मग तिसऱ्या रांगेतल्या चारपाच.

आणि मग काय झालं सांगू? काच जाड होती ना, खालची ज्योत वरपर्यंत चढली. अख्खी बरणी उजळायची, आतून, हळूहळू, मधासारखी. एकीमागून एक. सगळ्या पेटल्या नाहीत, निम्म्याच पेटल्या असतील. पण गडबड आपोआप थांबली. प्रत्येकजण दोन्ही हातांनी बरणी पोटाशी धरून आत वाकून बघत होता, आणि सगळ्यांचे चेहरे खालून उजळलेले. प्रज्ञा स्टेजवरून बघत राहिली. मोगऱ्याचा वास सुटला. मी जे मनात पाहिलं होतं त्याच्यापेक्षा ते जड होतं, थोरलं होतं, पण होतं तेच. आक्का माझ्याशेजारी उभी होती. तिनं माझा हात घट्ट धरला, मी लहान असताना रस्ता ओलांडताना धरायची तसा. मला त्या अंधारात हुंदका आला, आणि मी तो येऊ दिला.

मग दिवे लागले आणि सगळ्यांना मामांची बरणी दिसली. साबण लावून काढावी लागली.

लग्न पार पडलं. पण विहीणबाई काही बोलल्या नव्हत्या. चांगलं नाही, वाईट नाही. आक्काचा जीव टांगणीला. आठवड्यानं ती माझ्याकडं आली ती पळतच. पायऱ्या चढून दम लागलेला, तोंडभर हसू.

"पिंट्या! विहीणबाईंचा फोन! म्हणाल्या, इतकी उपयोगी भेट आजवर कुठल्याच लग्नात बघितली नाही. काच जाड, झाकण घट्ट, आत रबराची रिंग. त्यांनी कैरीचं लोणचं घातलं, थेंबभर तेल बाहेर नाही! तुमच्या भावाला दृष्टी आहे म्हणाल्या. त्यांच्या भिशीतल्या सगळ्या बायकांना पाहिजेत. मी सांगितलं, माझाच भाऊ तो, मीच वाढवलाय!"

माझी छाती केवढी फुगली! "आणखी काय म्हणाल्या?"

"काही नाही रे, एवढंसं." आक्का जरा घुटमळली. "तळाचं ते मेण खरवडून काढता काढता त्यांचे दोन चमचे वाकले. भावाला म्हणावं, माल एक नंबर आहे, फक्त आत मेणबत्ती तेवढी घालू नका."

तेव्हापासून माझा धंदा जोरात आहे. व्यापारी टेम्पो भरून पाठवतो, बायका घरी येऊन घेऊन जातात. मेणबत्ती अजून एकही खपलेली नाही.