दुरुस्तीला टाकलेला जोड

मंगळवारी सकाळी सव्वासातला दादा गेला. गुंडीला फिरवून आला, फाटकाची कडी लावली, पायरीवर बसला. शेजाऱ्यांनी हाक मारली, तो उठला नाही. मला फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. फोन ठेवून मी ती पुरती मळली, झाकली, हात धुतले आणि मग रिक्षा केली. असं का केलं, हे पाच आठवड्यांनंतरही मला सांगता येत नाही. आदल्या रविवारी तो माझ्याकडे जेवून गेला होता. आमटीत मीठ कमी आहे म्हणाला होता...

माझा हा थोरला भाऊ पाटबंधारे खात्यात आरेखक होता. खडकवासल्याच्या कालव्यांचे नकाशे काढण्यात त्याची नोकरी सरली. वहिनी गेल्यापासून धायरीच्या बैठ्या घरात तो आणि त्याची कुत्री गुंडी, दोघंच राहत. माणसांशी तो बेताचंच बोले. कुत्र्यांपाशी मात्र तो नुसता बसून राही, आणि त्याला त्यांचं कळे. हे मला समजलं ते आमचा कुत्रा राजा होता तेव्हा. माझा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि पंधरा दिवसांत राजा बदलला. बेल वाजली तरी उठेना, एकच पाय चाटत बसे, दिवसभर झोपे, आवडीची पोळीही हुंगून सोडून देई. मी म्हणत होते, वय झालं त्याचं. दादा आला. आधी विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंस? दात, रक्त, सगळं?" सगळं ठीक होतं. मग तो जमिनीवर राजाशेजारी बसला. अर्धा तास तिथून हलला नाही.

"आजारी नाही, उदास आहे," तो म्हणाला. "याचं माणूस गेलंय. पोराचं पांघरूण कुठाय?"

"धुऊन ट्रंकेत ठेवलंय."

"धुतलंस? वा. ग्रंथपाल शोभतेस. सगळं जागच्या जागी."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते, त्यावरून हा टोमणा त्याच्या ओठांवर कायम तयार असे. त्यानं माळ्यावरून मुलाची जुनी क्रिकेटची पिशवी काढली, आतला न धुतलेला टी-शर्ट राजाच्या गोधडीवर टाकला. रोज ठरल्या वेळी बाहेर ने, म्हणाला, पण ओढत नेऊ नकोस, हुंगायचं तेवढं हुंगू दे. ताटलीपुढे बसून विनवण्या करू नकोस, न खाल्लं तर उचलून ठेव. जवळ बस, पण सारखं गोंजारू नकोस. आणि आठ दिवसांत बरा होईल असं समजू नकोस. राजाला दीड महिना लागला. एका सकाळी बेल वाजली आणि तो भुंकला. मी दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "मग दार उघड की. मला काय फोन करतेस?"

हे सगळं मला माहीत होतं. तरीही दादा गेल्यावर मी काय केलं ते लिहायलाच हवं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, हात मात्र थांबत नव्हते. त्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, पंचे सगळं धुतलं. फरशी फिनाइलनं दोनदा पुसली. तेराव्याला रीतीप्रमाणे छत्री, वहाणा, अंथरूण दान दिलं. ते नवं आणलं होतं. पण मी तिथंच थांबले नाही. त्याचे जुने कपडे, गादी, स्वेटर, दारातल्या चपला, सगळं बांधून देऊन टाकलं. आलेल्यांपैकी कुणी म्हणालं, घर किती छान आवरलंत. मला बरं वाटलं.

संध्याकाळी गुंडी चपलांच्या रिकाम्या कप्प्यापाशी गेली, बराच वेळ हुंगत राहिली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तीन दिवस तिनं पाण्याखेरीज काही घेतलं नाही. माझी भाची सुप्रिया, दादाची मुलगी, तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. रिपोर्ट चांगले आले. "आत्या, नऊ वर्षांची आहे ती," सुप्रिया म्हणाली. "वय झालं तिचं."

हे वाक्य मी ओळखलं. आणि मग त्या घरात, फिनाइलच्या वासात, मला दादाचा आवाज आला... "धुतलंस? वा."

मी कपाटं उघडली, गाद्या उलथल्या. त्याचा वास असलेली एक चिंधीही मला सापडली नाही. आता कुत्रीही जाणार आणि तिला मी घालवलं, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. मी सामान घेऊन धायरीला राहायला आले. रोज साडेसहाला, दादाच्या वेळेला, पट्टा हातात घेऊन फाटकाशी उभी राहायची. सहाव्या दिवशी ती उठली. तिला हवं तिकडे जाऊ दिलं. मुख्य रस्त्याच्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ चपला दुरुस्त करायला बसतात, तिथं ती थांबली आणि हलेना.

"आगं गुंडे," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "सायेब कुठं गेलं म्हनायचं? त्यांचा जोड हाय हितं. आंगठा तुटला व्हता, कवाचा शिवून ठेवलाय."

मी सांगितलं. मग पेटीमागून त्यांनी चपला काढल्या, मांडीवर घेतल्या आणि ब्रश उचलला. "जरा पॉलिश करून देतो. आसं कसं द्यायचं..."

"नको," मी म्हणाले. "पुसूसुद्धा नका."

त्यांनी गुंडीकडे पाहिलं. ती चपलेत नाक खुपसून उभी होती, शेपूट जरासं हलत होतं. त्यांनी ब्रश खाली ठेवला. मी त्यांच्यासमोर, रस्त्याच्या कडेला, पहिल्यांदा रडले.

त्याला आता दोन आठवडे झाले. गुंडी अर्धी भाकरी खाते, कधी तेवढीही नाही. फाटक वाजलं की मान वर करते, उठत नाही. जोड दाराशी आहे, त्यावर हनुवटी ठेवून ती झोपते. तेवढी जागा सोडून मी केर काढते. दादाचं न धुतलेलं या घरात तेवढंच आहे.