सगळ्यात दुबळं बल

प्रत्येक मजल्यावर बाई थांबायच्या, एक हात भिंतीवर, दुसरा गुडघ्यावर. "गुरुत्वाकर्षण सगळ्यात दुबळं, असं मी वर जाऊन शिकवणार. या गुडघ्यांना मात्र ते कुणी सांगितलेलं नाही."

लालबागला तिसऱ्या मजल्यावर आमचा क्लास. लिफ्ट नाही. बाई फिजिक्स शिकवायच्या, प्लायवूडच्या भिंतीपलीकडे मी केमिस्ट्री. शिकवून दमलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई शिकवण्याआधीच दमलेल्या असायच्या.

हायड्रोजनचा अणू त्यांचा लाडका. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. दोघांतलं विद्युतबल भागिले गुरुत्वबल. "आर वर्ग वरही, खालीही. उडवा! जवळ असोत नाहीतर लांब, फरक पडत नाही. आता के, जी, भार, वस्तुमानं. टाका किमती." उत्तरात दहाचा एकोणचाळिसावा घात आला की पोरं आ वासायची.

मग बाईंचा प्रश्न: "गुरुत्वाकर्षण एवढं मरतुकडं, तर आपल्याला जमिनीला धरून तेच कसं ठेवतं?" उत्तर त्या दिवशी कधीच नाही. "आज घरी न्या. उद्या सांगते." क्लासचे मालक वैतागायचे, "मॅडम, पोर्शन संपवा ना!" बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

यंदा हा धडा आला आणि बाईंना दुसऱ्या मजल्यापुढे चढवेना. तिथेच पायरीवर बसल्या. "बोलवा सगळ्यांना खाली." पोरं जिन्यात बसली. बाईंनी अख्खा भागाकार तोंडी करून घेतला, प्रश्न टाकला, आणि "उद्या" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. आठवड्याने नवीन सर आले. पोरांनी तो प्रश्न विचारला, तर म्हणाले, "परीक्षेला नाही ते."

मी चिंचपोकळीला बाईंच्या घरी गेलो. डॉक्टरांनी जिने कायमचे बंद केले होते. मी टेकतोय तोच त्यांनी विचारलं, "पोरांना उत्तर सांगितलं का रे कुणी?" मी नाही म्हटलं. त्यांचा चेहरा इतका पडला, की मलाच अपराधी वाटलं. "मग तू सांग. माझं राहिलंच बघ."

दुसऱ्या दिवशी मी पोरांना वर्गात सांगितलं. विद्युतभारात अधिक असतं तसं उणेही असतं. मोठ्या वस्तूत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. वस्तुमानाला उणे नसतं. ते कणाकणाने नुसतं साठत जातं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम कधी येणार?"

"त्यांना चढवत नाही गं."

"मग वर कशाला? आम्ही तळमजल्यावर बसू ना, सर."

बाईंचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि त्यांना आता उतरवतही नाही, हे मला तिला सांगता येईना.