ग्रिगोरेच्या नावाचं जेवण

दुपारी डोळा लागला की सावेताला तिचा मेलेला नवरा अंगणात दिसायचा. धुक्यात उभा राहून ग्रिगोरे डुकराची पाठ खाजवत असायचा.

शरदात त्या डुकराला ताप भरला, तेव्हा सरकारी माणसं आजारी डुकरं मारून पुरायला यायच्या आत त्यानंच ते कापलं आणि चरबी मीठ लावून धुरावर टांगली. "माणसाला काही होत नाही गं," म्हणाला. खरंच झालं नाही. हिवाळ्यात तो गेला, तो छातीच्या दुखण्यानं.

एकटेपणा खायला उठला म्हणून तिनं डुकराचं खोपटं चुन्यानं धुऊन नवं पिल्लू आणलं.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाचं जेवण घातलं, तेव्हा तिनं ती चरबी वाढली. चरबीवरची जाड कातडी उरली. मेलेल्याच्या नावाचं अन्न टाकायचं नसतं.

"घाल की पिल्लाला, त्याला डुकरांचा केवढा लळा होता," शेजारीण अग्रिपिना म्हणाली. सावेतानं ती कातडी पिल्लाला घातली.

आठवड्यात पिल्लाचे कान जांभळे पडले.

"बाहेरचं काय घातलंत, मावशी?" गुरांच्या डॉक्टरनं विचारलं.

"बाहेरचं कशाला घालीन? आमच्या ह्यांच्या हातची चरबी."

डॉक्टरनं वर आढ्याला टांगलेल्या उरल्यासुरल्या चरबीकडे बोट केलं. "मिठाधुरातही डुकरांचा हा ताप महिनोन्महिने जगतो, मावशी."

त्या दुपारी ग्रिगोरे पुन्हा दिसला. त्यानं पिल्लाच्या पाठीकडे हात नेला, आणि सावेता झोपेतच ओरडली, "शिवू नका हो त्याला!"