पांढरं पुसू नका

मालोजीअण्णा सकाळी दुकान उघडलं की आधी प्रत्येक यंत्रावर तळहात ठेवत. छपाईच्या जुन्या यंत्रावर ठेवत, तसाच नव्या कॉम्प्युटरवरही. मी बटण दाबायला गेलो की म्हणत, "स्वल्प थांब रे केशवा. हाताला आधी कळू दे."

शिवाजीनगरच्या बाजारात त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करायला लागलो, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. "डोळे म्हातारे झाले," ते म्हणत, "हात अजून नोकरीला आहेत."

त्या वर्षी आयुधपूजेला सगळी यंत्रं पुसायला काढली. कॉम्प्युटरचा पंखा धुळीने भरला होता, म्हणून मी तो खालच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यासकट प्रोसेसरवरून उतरवला. म्हटलं, "अण्णा, हे पांढरं मलम पुसू नका. प्रोसेसरची उष्णता त्यातूनच ठोकळ्यात जाते. मी आल्यावर बसवतो."

"सरी," ते त्यांच्या कानडी सवयीने म्हणाले, म्हणजे 'बरं'.

मी झेंडू आणि कोहळा घेऊन परतलो, तोवर सगळं बसवून, कुंकू लावून अण्णा हात जोडून उभे होते.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला आणि थोड्याच वेळात स्क्रीन गोठला. पुन्हा सुरू केला, तर आधीपेक्षा लवकर. पंखा फिरत होता. झाकण काढून टेबलफॅनचा वारा सोडला, तेव्हा जरा जास्त टिकला. म्हणजे उष्णताच. करपल्यासारखा वास यायला लागला होता. पत्रिका न्यायला आलेलं गिऱ्हाईक पुटपुटलं, "पूजेत काही राहिलं असेल."

अण्णांनी ठोकळ्यावर हात ठेवला. "हा तर गार आहे रे. मग धापा कशाला टाकतो?"

ठोकळा गार, हेच वाईट होतं. उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. वीज बंद करून मी तो काढला. खाली प्रोसेसर लख्ख, मलमाचा मागमूस नाही. गिऱ्हाइकासमोरच मी आवाज चढवला, "सांगितलं होतं ना अण्णा, पांढरं पुसू नका म्हणून?"

"मला सांगितलंस?"

"काल. इथेच. सरी म्हणालात."

त्यांनी स्वतःचा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "पूजेत राहिलं असतं तर बरं होतं," ते म्हणाले. "नारळ फोडून भागलं असतं."

मी नवं मलम लावून ठोकळा नीट बसवला. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला आणि मी खुशीत घरी गेलो. त्याच महिन्यात अण्णा दोनदा दुकानाला कुलूप न लावता निघून गेले होते. आम्ही थट्टा केली होती. आजचं विसरणं त्यातलंच, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या आलं असावं. दुसऱ्या सकाळी ते एकाही यंत्राला हात न लावता खुर्चीत जाऊन बसले.

"हाताला कळू दे ना, अण्णा," मी म्हटलं.

"नको. त्याला आता सांगितलेलं कळत नाही."

पुढे दुकान गेलं. हळूहळू माणसांची नावं गेली, मुलाचंसुद्धा. मी शेवटचा भेटलो तेव्हा ते दहीभात खात होते. मला त्यांनी ओळखलं नाही. सून म्हणाली, "ताट उचललं की घाबरतात. का ते कळत नाही."

तिने ताट उचलून ओल्या फडक्याने पाट पुसायला घेतला. अण्णांनी घाईने तिचा हात धरला. पाटावर दह्याचा थेंब सांडला होता.

"पांढरं पुसायचं नाही," ते म्हणाले. "सांगितलंय."

"कुणी सांगितलंय, मामा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"कोण की," ते म्हणाले. "रागावला होता."