वहिनींच्या पेटीतले पार्ट

“हात पुसा आदी, भाऊ.”

मेडशीच्या वहिनींच्या घरात मागच्या खोलीकडे पाय वळला की हे वाक्य यायचं आणि पाठोपाठ अंगावर सुती फडकं पडायचं. हात स्वच्छ आहेत असं सांगून उपयोग नसे. “सोच्छ हायेत, पन घाम हाये ना त्याले.” घामेजल्या हातानं लोखंड धरलं की गंज तिथूनच धरतो, हे मला काय नवीन होतं? मालेगावात वाशीम रस्त्यावर माझं गॅरेज आहे, आयुष्य ग्रीसमध्ये गेलं. पण घाई असली की मी पुसत नसे. तुमच्यापैकी बरेच जणही पुसत नसतील.

वहिनींचे यजमान मेडशी ते मालेगाव प्रवासी जीप चालवायचे. ती माझ्याकडेच दुरुस्तीला यायची. कंपनीनं ती जीप बनवणं बंद केलं, तसे ते कुठं जुनी जीप मोडीत निघाली की तिथं जाऊन चांगले पार्ट निवडून आणू लागले. मागची चाकं फिरवणारी क्राउन-पिनियनची दातेरी जोडी, गिअर, एक्सल, न वापरलेल्या बेअरिंगा. एके सकाळी छातीत कळ आली आणि ते गेले. मुलगी तेव्हा शाळेत होती. दीर म्हणाले, जीप विकून टाका. वहिनींनी भाच्याला ड्रायव्हर म्हणून बसवलं. घरात दुसरी कमाई नव्हती आणि पार्ट बाजारात मिळत नव्हते. त्यामुळे जीप किती वर्षं चालेल, मुलगी कुठवर शिकेल, हे मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीवर अवलंबून होतं.

पेटी कशी सांभाळायची हे सुरुवातीला मीच सांगितलं. डिझेलनं धुवा, उन्हात वाळवा, ग्रीस लावा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. पोळ्याच्या सुमारास त्यांचा फोन आला.

“भाऊ, तुमच्या पिशवीले घाम फुटला.”

पिशवीत आतून थेंब जमले होते. ओल आत कोंडली गेली होती. वहिनींनी पिशव्या फेकल्या, जुन्या सुती पातळाचे तुकडे इंजिन ऑइलमध्ये भिजवून पार्टांना गुंडाळले आणि वरून मेणकागद बांधला. पेटी जमिनीवरून उचलून दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवली. आत एका डब्यात कळीचा चुना, ओल ओढून घ्यायला. चुन्याची भुकटी झाली की नवा. मला त्यांनी या चुकीवरून कधी टोचून बोलल्याचं आठवत नाही. फक्त “तुमची पिशवी” म्हणताना हसायच्या.

एकदा पेरणीच्या आधी दिरांनी खताच्या बॅगा त्याच खोलीत रचल्या. रासायनिक खत जवळ असलं की पत्रासुद्धा पोखरून निघतो. मी नेमका तिथं होतो. वहिनी एकेक बॅग ओढत अंगणात नेऊ लागल्या.

“अवो, पानी येईन ना वरून!” दीर ओरडले.

“येऊ द्या. तुमचं खत भिजलं त दुसरं भेटते. माहा पिनियन कुटून आनू?”

शेवटी दिरांनी बॅगा स्वतःच्या बैठकीत नेल्या. त्या वर्षी पाहुण्यांना बॅगांवरच बसावं लागलं.

सर्वांत मोठा पेच सासूबाईंचा होता. खंडेनवमीला पार्टांची पूजा व्हायची. सासूबाई पाणी शिंपडायच्या, ओलं हळदकुंकू लावायच्या आणि महिनाभरात तिथं तांबूस टिपके उठायचे. पूजा बंद करा असं कोण म्हणणार? पुढच्या वर्षी वहिनींनी कुंकवाऐवजी तेलात शेंदूर कालवला.

“हे काय नवंच काढलं?” सासूबाई म्हणाल्या.

“मारोतीले तेलातच लावतो ना आपन? त्याले चालते, मंग याले काहून नाई चालत?”

सासूबाईंनी शेंदराची वाटी हातात घेतली. तेव्हापासून त्या नारळही पेटीपासून दूर, दाराबाहेर फोडू लागल्या.

एका पावसाळ्यानंतर वहिनींना डेंग्यू झाला. दवाखान्यातून फोन आला, “भाऊ, पेटी पाहून घेता का? दसऱ्याच्या आदी उघडा लागते.” मी गेलो. गॅरेजमध्ये एक ट्रॅक्टर खोलून ठेवला होता, शेतकरी ताटकळत होता. मी पुड्या सोडल्या, पार्ट हातात घेऊन पाहिले, पुन्हा बांधले. फडकं समोर खुंटीला होतं. वहिनींना सांगितलं, सगळं ठीक आहे.

पुढच्या पावसाळ्यात, पेटी पुन्हा उघडायच्या आधीच, चढावर जीपच्या मागच्या हौसिंगमध्ये, म्हणजे क्राउन-पिनियनच्या लोखंडी घरात, कडकड झाली. क्राउनचे दात तुटले, सोबतची बेअरिंगही गेली. मुलगी तेव्हा वाशीमला नर्सिंगला लागलेली. दीर म्हणाले, “आता तरी भंगारात द्या.” वहिनी एसटीनं मालेगावला आल्या, गाठोडं लेकरासारखं मांडीवर घेऊन.

मेणकागद सोडला. क्राउन-पिनियन तोंड दिसावं असं लखलखीत निघालं. मग बेअरिंग. तिच्या रिंगवर तीन तांबूस डाग होते, तिरपे, बोटांच्या रेघांसकट. नखानं खरवडलं. गंज आत उतरला होता. ती बेअरिंग बसवण्यासारखी राहिली नव्हती.

“वहिनी, ही माझी बोटं आहेत.”

“दिसून राह्यलं,” त्या म्हणाल्या आणि मेणकागदाची घडी घालू लागल्या. “आता रडता काय भाऊ? दुसरी कुटं भेटते थे सांगा.”

मी अकोल्याची दुकानं पालथी घातली. मापाची एक बेअरिंग मिळाली, पण कंपनी वेगळी, नाव कधी न ऐकलेलं. तीच बसवली. जीप सुरू झाली तेव्हा वहिनी बाजूला उभ्या होत्या.

“टिकन ना, भाऊ?”

“टिकते की. पोरगी नोकरीले लागेपर्यंत त आरामात.”

मला ठाऊक नव्हतं. त्या वेळी खरं सांगायची हिंमत झाली नाही, आणि त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. मुलीचं शेवटचं वर्ष अजून बाकी आहे. फीचे पैसे जीपच देते. रोज सकाळी भाचा सीट भरून माझ्या गॅरेजसमोरून जातो. बेअरिंग जायला लागली की आधी बारीक घरघर ऐकू येते. अजून आलेली नाही. भाचा खिडकीतून हात करतो. मला त्याच्याकडे बघायचं भान नसतं. मी मागच्या चाकांकडे कान लावून उभा असतो.