पडद्यामागचे सिलिंडर

आमच्या हॉस्पिटलचे व्यवस्थापक अंगाने किरकोळ. कमरेला सदानकदा किल्ल्यांचा जुडगा, म्हणून आम्ही त्यांना किल्लीसाहेब म्हणायचो. तोंडावर नाही. मी तेव्हा तिथे ऑक्सिजनचे सिलिंडर वाहायचो.

साथ ऐन भरात असताना एका सकाळी गोदामात भरलेला सिलिंडर उरला नाही. नवे घेऊन येणारी गाडी वाटेत अडकली होती. दुपारपर्यंत येणार नव्हती. तळमजल्यावर नवे रुग्ण धापा टाकत होते.

सिलिंडर होते, पण वॉर्डांत. प्रत्येक सिस्टरने आपल्या रुग्णांसाठी एखाददुसरा दडवलेला. कुणी न्हाणीघरात, कुणी कपाटाआड. चोरी नव्हे; आपला रुग्ण गुदमरू नये, एवढंच. पण सगळ्यांनीच तसं केल्यावर गोदाम रिकामं होणारच. साहेबांनी फोन करून विचारलं. सगळीकडून एकच उत्तर, आमच्याकडे नाही.

"झडती घेऊ या," मी म्हटलं.

"आज घ्याल, उद्या आणखी खोल दडवतील. वर चला."

वरच्या वॉर्डात त्यांचा थोरला भाऊ होता. त्याच्या उशाशी, पडद्यामागे, एक भरलेला सिलिंडर होता. साहेबांना ते ठाऊक होतं आणि ते गप्प राहिले होते. आता त्यांनी पडदा सारला. भाऊ झोपेत होता.

सिस्टर आडवी आली. "साहेब, तो दादांचा आहे. आत्ता लावलेला दुपारपर्यंत जेमतेम पुरेल."

"गाडी दुपारीच येतेय."

"आणि नाही आली तर?"

साहेबांनी सिलिंडरला हात घातला.

मी पुढे झालो तर मला हातानेच थांबवलं. सिलिंडर तिरका करून बुडाच्या काठावर फिरवत न्यायचा असतो. त्यांनी मिठी मारून ओढला. काम वाईट होतं, पण स्वतः केलं. खडखडाट ऐकून शेजारच्या वॉर्डातली सिस्टर दारात आली.

"साहेब, हे काय?"

"भावाचा आहे. खाली लागतोय."

"आम्हाला लाजवायला निघालात होय?"

"लाजा नंतर. असेल तर काढा."

ती आत गेली आणि एक घेऊन आली. मग पुढच्या दारातून दुसरा आला. तिथून पुढे वाहायचं काम माझं. जेवायची वेळ टळली, कंबरेचा काटा ढिला झाला, पण खालचे रुग्ण निभावले.

गाडी उशिरा आली. भावाच्या सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता. दुसरा लावायला मीच धावलो.

भाऊ वाचला. घरी जायच्या दिवशी साहेब त्याची चाकांची खुर्ची ढकलत होते. मी दार धरून उभा होतो.

"माझा सिलिंडर नेलास म्हणे."

"नेला."

"विचारायचंस तरी."

"तू हो म्हणाला असतास, दादा."

"म्हणूनच विचारायला हवं होतंस."

 साहेबांनी खुर्ची उतारावरून जपून खाली नेली.